सैल मुठीतली कांडी

थर्झा मॅसरचं पत्र मला १८९४ च्या ऑक्टोबरात आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र दोनच पानी होतं. त्याच्यासोबत लाकडाची एक कांडी होती, फीत विणायच्या मागावर धोट्यात बसते तसली, बोटाएवढी. पत्राची शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: ‘करून बघितलंत की कांडी परत पाठवा, माझ्याकडं मोजक्याच आहेत.’ मी करून बघितलं नाही आणि कांडीही परत पाठवली नाही. बत्तीस वर्षं ती माझ्या टेबलाच्या खणात होती. कोटाची बटणं लावायचा काळा दोरा मी तिच्यावर गुंडाळून ठेवला होता.

हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी आयुष्यभर आराखडे काढले. आराखड्यात एक रेघ चुकली तर खोडता येते. बोलण्यात आणि लिहिण्यात माझी नेहमीच फजिती होते. तरी सुरुवात आमच्या गावापासून करतो, कारण चूक झाली ती गावामुळेच, असं मला वाटतं. की तीही माझी पळवाट असेल?

आमच्या कॉव्हेन्ट्रीत पूर्वी दोनच धंदे. आम्ही घड्याळवाले आणि हिलफिल्ड्सकडचे ते फीतवाले. दोघांच्याही घरांना वरच्या मजल्यावर रुंद खिडक्या, कारण दोघांनाही उजेड लागायचा. एवढं सोडलं तर साम्य काही नाही. माझे वडील घड्याळाची चाकं घासायचे. फीतवाल्यांविषयी ते म्हणायचे, “त्यांचं काय, दोरा तुटला की मारली गाठ!” फीतवाले आमच्याविषयी म्हणायचे, “घड्याळवाले शिंक आली तरी आधी मोजतात आणि मग शिंकतात.”

मग परदेशी फिती स्वस्त झाल्या, पाठोपाठ परदेशी घड्याळंही. दोघांच्याही खिडक्या ओस पडल्या. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा गावातल्या शिलाई यंत्रांच्या एका कारखान्यात पॅरिसहून एक दुचाकी आली. लाकडी चाकं, वर लोखंडी धावा. आमच्या दगडी रस्त्यावरून ती गेली की बसणाऱ्याचे दात वाजलेले ऐकू यायचे. वडील खिडकीतून बघत म्हणाले, “हाडं खिळखिळी करायला आता यंत्रही निघालं. पूर्वी हे काम म्हातारपण फुकटात करायचं.” पण त्या यंत्रानंच गाव जगवलं. पुढचं चाक माणसापेक्षा उंच झालं, त्यावरून लोक तोंडावर पडायला लागले. मग दोन्ही चाकं सारखी झाली, मागच्या चाकाला साखळी आली, टायरात हवा आली. वीस-पंचवीस वर्षांत हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं, आणि घड्याळवाले आणि फीतवाले एकाच कारखान्यात शेजारी शेजारी उभे राहून एकाच सायकलीचे भाग घासू लागले. टोमणे मात्र आपापले घेऊन आले.

मी त्या कारखान्यात आराखडे काढत असे. सायकलीवर मी कधी बसलो नाही. भीती वाटायची, आणि पडलो तर लोक हसतील याची जास्त. थर्झा मॅसरशी माझं एकदाच समोरासमोर बोलणं झालं, सार्वजनिक वाचनालयात. ती पुस्तक परत करायला आली होती. माझ्या बोटांवरची शाई बघून म्हणाली, “तुम्हीच ते ना, सायकलीची चित्रं काढणारे? पण बसत नाही म्हणे कधी!” मी काहीतरी पुटपुटलो. ती हसून म्हणाली, “पोहण्याचं पुस्तक कोरड्या माणसानंच लिहावं म्हणा, पानं भिजत नाहीत.” तिला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला तिसऱ्या दिवशी सुचलं. ते इथं सांगण्यासारखं नाही.

तिचा धाकटा भाऊ जॉब आमच्या कारखान्यात होता. तयार झालेली प्रत्येक सायकल केनिलवर्थच्या रस्त्यानं चालवून बघायची, गिबेट टेकडी चढायची-उतरायची आणि परत येऊन काय खुटखुटतं ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याला कान होता. साखळीचा एक दुवा कडक असला तरी त्याला चालवताना कळायचं. “मिस्टर बर्डेट,” तो मला म्हणायचा, “तुमची रेघ इथं जरा दुखते बघा.” आणि खरोखरच तिथं काहीतरी असायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात तो टेकडी उतरत असताना डावं पायडल निघून रस्त्यावर पडलं. पाय हवेत, सायकल खड्ड्यात. मांडीचं हाड मोडलं. मुकादम होते वॉटन, आमच्यासारखेच घड्याळवाल्यांच्या घरातले. ते दवाखान्यात जाऊन आले आणि कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले, “पायडल काय आपोआप सुटतं? जाताना आवळलं नसणार. फीतवाला! गाठ मारायला विसरला.”

जॉबनं निरोप पाठवला की आपण आवळलं होतं, पाना लावून, नेहमीसारखं. वॉटन माझ्या टेबलाशी आले.

“बर्डेट, तू कागदावर दाखव. डावं पायडल चालवताना आपोआप सुटू शकतं का?”

मी दुपारच्या सुट्टीत जेवण बाजूला ठेवून ते काढलं. पायडल आट्यांनी दांड्यात बसवलेलं असतं. तेव्हा दोन्ही बाजूंचे आटे सारखेच असायचे, उजवीकडे फिरवलं की आवळणारे. पायडलच्या आत छर्रे असतात. छर्रे कितीही गुळगुळीत असले तरी थोडं घासतातच, आणि घासणारी वस्तू आपल्याबरोबर दुसरीला ओढते. ते ओढणं कुठल्या दिशेला होईल ते मी बाण काढून दाखवलं. डाव्या बाजूला ते आवळण्याच्या दिशेनं निघालं. म्हणजे डावं पायडल चालवता चालवता आणखी घट्ट व्हायला हवं. सुटायचंच असेल तर उजवं सुटेल. कागद स्वच्छ होता. खाली मी सही केली.

वॉटननी तो कागद फळ्यावर टाचला. जॉबला कामावरून काढलं. हाड बरं होण्याआधीच गावानं त्याचं नाव ठेवलं होतं: ढिल्या मॅसर. दारूच्या गुत्त्यात कुणाचा ग्लास कलंडला तरी लोक म्हणायचे, “ढिल्यानं आवळला होता वाटतं!”

मग थर्झाचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं:

‘मिस्टर बर्डेट, तुमचा कागद मी फळ्यावर वाचला. बाण छान काढलेत. पण अपघातानंतर दोनदा मी स्वतः जॉबच्या घरच्या सायकलीचं डावं पायडल आवळून त्यावर आणि दांड्यावर मिळून खडूची एक रेघ मारली होती. मीच ती दहा मैल चालवून आणल्यावर रेघेचे दोन तुकडे झाले होते, आणि दोन्ही वेळा सुटण्याच्या बाजूला. तुम्ही घड्याळवाले घट्ट म्हणजे घट्टच धरता. पण आट्यांत केसभर जागा राहतेच, आणि एवढी जागा काय करते ते आम्ही मागावर रोज बघतो. सोबत कांडी आहे. मूठ सैल धरा, कांडी मुठीत उभी घाला आणि दुसऱ्या हातानं तिचं वरचं टोक गोल फिरवा. पायडलवर पाय तसाच गोल दाबत जातो. कांडी कुठल्या बाजूला फिरते ते बघा आणि वॉटनना सांगा. जॉबचं काम गेलं ते गेलं. त्याचं नाव तेवढं परत द्या.’

आणि खाली ती कांडीची ओळ.

मी कांडी हातात घेतली होती. मूठही अर्धी केली होती. मग ती खणात ठेवून दिली. मी स्वतःला सांगितलं की बाण बरोबर आहेत, बाई दुःखात आहे, दुःखात माणसाला खडूच्या रेघा सरकलेल्या दिसतात. पण खरं कारण ते नव्हतं. करून बघितलं आणि ती म्हणते तसं झालं तर मला फळ्यापाशी जाऊन तो कागद काढावा लागला असता, सगळ्यांसमोर. न बघितलं तर निदान माहीत नाही असं म्हणता येत होतं. उत्तर उद्या लिहू, असं ठरवलं. आठवड्यानं ठरवलं की आता फार उशीर झाला, आता लिहिणं बरं दिसणार नाही. पुढं तेच कारण दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं.

तीन-चार वर्षांनी दुसऱ्या एका गावाहून आमच्याकडे नमुन्याची पायडलं आली. डाव्याचे आटे उलटे. वॉटन म्हणाले, “आता सगळे असंच करायला लागलेत. तूही काढ.” का, ते त्यांनी विचारलं नाही. मी डाव्या पायडलचे उलटे आटे माझ्या हातानं काढले आणि खाली सही केली. जॉबचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही.

यंदाच्या नववर्षाच्या दिवशी माझी भाची विनी आली. तिचा धर्मपिता मीच, त्यामुळे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिला मी दर वर्षी गॉडकेक देतो, तिकोनी, आत मनुकांचं सारण. ती आता तीस वर्षांची आहे, टेलिफोन ऑफिसात काम करते आणि पाऊस असो, बर्फ असो, सायकलीवरून येते. त्या दिवशी नाक लाल करून आली आणि केक तोंडात असतानाच म्हणाली, “मामा, ढिल्या मॅसर तुमच्याच कारखान्यातला ना?”

मी चहा ओतत होतो. “जॉब,” म्हणालो. “त्याचं नाव जॉब आहे.”

“तोच. केनिलवर्थला सायकलदुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मी ब्रेक बदलून घ्यायला गेले होते. बहीण आहे ना त्याची, थर्झाबाई, ती गल्ल्यावर बसते. काय जीभ आहे बाईची! मला म्हणते, ब्रेक घासलेत की तू घासतेस सायकल?”

“ती अजून आहे?”

“आहे म्हणजे! ऐका ना पण. पुढच्या शनिवारी तिथल्या खानावळीत जुन्या सायकलवाल्यांचं जेवण आहे. उंच चाकावर बसलेले म्हातारे येणार आहेत, फोटो काढणार आहेत. जॉबला बोलावलं तर तो म्हणतो, मी येत नाही. बोलावणं द्यायला आलेला माणूस म्हणाला, ये की रे ढिल्या, खुर्ची आम्ही आवळून ठेवू. झालं! म्हातारा आतल्या खोलीत निघून गेला. थर्झाबाईनं त्या माणसाला टायरचा पंप घेऊन हाकललं.”

ती हसत होती. मी हसलो नाही, तेव्हा थांबली.

“काय झालं मामा?”

मी उठून खण उघडला. पत्र तिला दिलं. ती वाचत असताना मी कांडीवरचा काळा दोरा सोडवायला घेतला. बराच होता. तिचं वाचून झालं तरी माझा दोरा सुटायचा होता.

“मग?” ती म्हणाली. “कशी फिरते कांडी?”

“माहीत नाही.”

“म्हणजे? बत्तीस वर्षं घरात आहे आणि...” दोऱ्याचं शेवटचं टोक तिनंच ओढून काढलं. “आणा इकडं. नको, तुम्हीच करा. तुम्हाला सांगितलंय तिनं.”

मी डावी मूठ सैल केली, कांडी तिच्यात उभी घातली आणि उजव्या हातानं वरचं टोक गोल फिरवलं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. मुठीत कांडी सावकाश उलटी फिरू लागली, काट्याच्या विरुद्ध. तळव्याला ते स्पष्ट कळत होतं. उलट्या दिशेनं गोल फिरवलं, तर ती सुलटी फिरली. छर्रे ओढत असतील माझ्या बाणांच्या दिशेनं, पण ते ओढणं चिमूटभर. माणसाच्या वजनानं केसभर जागेत गोल दाबली जाणारी पायडलची दांडी त्याच्या उलट सरकते, आणि तिला कोण अडवणार? मी फक्त घासणं मोजलं होतं. ती जागा माझ्या कागदावर नव्हतीच. घड्याळात जागा राहिली तर घड्याळ बिघडलेलं असतं, म्हणून आमच्या डोक्यात ती येतच नाही.

“मामा, पुरे आता,” विनी म्हणाली. “किती वेळा फिरवाल?”

मी पंधरा-वीस वेळा तरी फिरवली असेल.

“त्यानं आवळलं होतं,” मी म्हणालो.

“मग लिहा ना तसं.”

पुढचे दोन दिवस मी लिहीत होतो. शनिवारपर्यंत पत्र पोचायला हवं होतं, नाहीतर जॉब घरीच बसणार होता आणि ते नाव आणखी एका जेवणावळीत सगळ्यांच्या ताटात पडणार होतं. पहिलं पत्र अकरा पानांचं झालं. त्यात चार आकृत्या होत्या आणि सुरुवातीला शिलाई यंत्रांपासूनचा इतिहास. मंगळवारी कामावरून सुटल्यावर विनी आली. तिनं उभ्या उभ्या तीन पानं वाचली.

“मामा, हे पत्र आहे की जाहीरनामा? तुम्ही चुकलात हे कुठल्या पानावर आहे?”

“नवव्या.”

“जॉबचं नाव?”

मी शोधलं. दहाव्यावर होतं.

“थर्झाबाईला एवढा धीर नाही. ती तिसऱ्या पानावर चूल पेटवील.”

मग मी पुन्हा बसलो. पत्र लहान केलं की उद्धट वाटायचं, मोठं केलं की लपल्यासारखं वाटायचं. मला अजूनही खात्री नाही की जमलं. बुधवारी सकाळी जे उरलं ते असं:

‘मिस मॅसर, तुमच्या १४ ऑक्टोबर १८९४ च्या पत्राचं हे उत्तर. कांडी मुठीत धरून बघितली. तुमचं बरोबर होतं, माझा कागद चुकला होता. जॉबनं पायडल आवळलं होतं. मी तेव्हाच करून बघायला हवं होतं. भीतीमुळे बघितलं नाही. शनिवारी मी खानावळीत येतो आणि हेच उभा राहून सगळ्यांना सांगतो. जॉबला यायला सांगा. कांडी सोबत परत पाठवत आहे. इनॉक बर्डेट.’

विनीला सकाळच्या वाटेवर मी ते दाखवलं. सायकलीवरून एक पाय खाली टेकून तिनं ते वाचलं आणि परत दिलं.

“उभं राहून? सगळ्यांसमोर? मामा, तुम्हाला बेकरीत पाव मागायचा तर तुम्ही गिऱ्हाईक संपेपर्यंत बाहेर थांबता.”

“हो.”

“मग?”

“पाठ करीन,” मी म्हणालो. “तीन वाक्यं तर आहेत.”

तिनं पाय पुन्हा पायडलवर ठेवला. “मी येते बरोबर,” म्हणाली. “अडलात तर खालून सांगीन.” आणि घंटी वाजवत गेली.

कांडीमुळे लिफाफा फुगला होता. कोपऱ्यावरच्या लाल पेटीच्या फटीत मी तो दोन बाजूंनी घालून बघितला. गेला नाही. म्हणजे पोस्टात जाऊन खिडकीपाशी बोलणं आलं. रांगेत चार माणसं होती. मी त्यांना पुढं जाऊ दिलं. आणखी दोघं आली, त्यांनाही पुढं जाऊ देणार होतो, पण खिडकीतला कारकून, लालबुंद मानेचा, चष्म्यावरून बघत म्हणाला, “आजोबा, तुम्ही रांगेत आहात की राखणीला?”

मी पुढं झालो. त्यानं लिफाफा चाचपला.

“काय आहे आत?”

“कांडी. फीत विणायच्या मागाची.”

“मोडेल का?”

“नाही. बत्तीस वर्षं टिकली आहे.”

“माग कुठं उरलेत आता,” तो म्हणाला आणि तिकिटं फाडू लागला. माझ्या वडिलांच्या वयाचे लोक बोलायचे तसं बोलला. “कुणाला पाठवताय?”

एरवी मी एवढ्यावर गप्प झालो असतो. “जिची आहे तिला,” मी म्हणालो. “तिच्या भावानं पायडल आवळलं होतं. लोक म्हणतात आवळलं नव्हतं. ते खोटं आहे. माझी चूक होती ती.”

कारकुनाचा हात थांबला. माझे कान तापले. पण वाक्यं तिनाची चार झाली होती आणि एकही अडलं नव्हतं.

“कोण, तो ढिल्या?” कारकून म्हणाला.

“जॉब मॅसर.”

“जॉब मॅसर,” त्यानं पत्त्यावर नजर टाकत म्हटलं, जणू नाव नीट लागतंय का ते बघत होता.

“शनिवारच्या आत पोचेल ना?”

“केनिलवर्थ काय चंद्रावर आहे? उद्या सकाळच्या टपालानं दारात.” त्यानं लिफाफ्यावर शिक्का मारला, कांडीच्या उंचवट्यावर तो अर्धाच उमटला म्हणून आणखी एकदा मारला, आणि मागच्या पिशवीत टाकला.